कानाचा निवाडा

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्यांनी पाडली त्यांच्या मनात मराठी असेल, कानडी असेल. इंग्रजी खास नसेल. पण बंगळुरात चार-सहा वर्षे काढलेल्या माणसास ती इंग्रजीलाही तितकीच लागू पडते हे सहज पटेल. मध्यवर्ती सरकारच्या ज्या कचेरीत आम्ही काम करतो तेथे बदलीवर आलेली मंडळी देशाच्या चारी कोपऱ्यांतील आहेत. बंगाली गृहस्थ 'व्होट'चा 'भोट' करतात. उत्तर प्रदेशाकडचे 'स्टेशन'च्या आधी एक 'इ' ठेवून मगच गाडीत बसतात. कानडी मंडळी 'एम. ए.'चे 'येम. ये.' करतात आणि बसला 'बस्सु' व बँकेला 'ब्यांकु' म्हणतात. आम्ही मराठी माणसे या यादीतून स्वतःस वगळतो खरे. पण 'व्हेरी' या शब्दातील 'व्ह' आम्ही असा काही श्वास सोडून उच्चारतो की, तेवढ्यावरून पलीकडच्या टेबलावरचा तमिळ सहकारी आमचा प्रांत ओळखतो. एकाच फायलीवरचा एकच शेरा सहा जणांनी मोठ्याने वाचला तर सहा निराळ्या इंग्रजी कानी पडतात, आणि शेरा लिहिणारे साहेब सातवी बोलतात.

यात नुसती गंमत असती तर हा विषय दिवाळी अंकातील विनोदी लेखापुरता ठरला असता. परंतु बोलण्याच्या या ढबीला (मराठीत तिला 'हेल' असा नेमका शब्द आहे, आणि येथे आम्ही तो वर्णोच्चारासकट वापरीत आहोत) एक विलक्षण सामर्थ्य आहे. बोलण्याचा अर्थ पोचण्याच्या आधी हेल पोचतो. बोलणारा कोणत्या घरचा, कोणत्या शाळेतला, हुशार की मठ्ठ, भरवशाचा की लबाड, इतकेच नव्हे तर दिसावयास कसा असेल, याविषयीचे एक मत ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्या दोन वाक्यांतच बनून जाते. हे मत आपण मुद्दाम बनवीत नाही. मग त्याचा दोष आपल्याकडे येतो काय, आणि आला तर किती, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

'दिसावयास कसा' हे आम्ही अतिशयोक्तीने लिहिलेले नाही. कॅनडातील माँट्रियल शहरी वॉलेस लॅम्बर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत पुष्कळ बोलका आहे. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या काही पुरुषांकडून त्यांनी एकच उतारा दोन्ही भाषांत वाचून घेतला, आणि ते ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांना ऐकविले. ऐकणाऱ्यांना वाटले की हे सर्व आवाज निरनिराळ्या माणसांचे आहेत. इंग्रजी बोलताना जो माणूस त्यांना उंच, देखणा, बुद्धिमान आणि विश्वासू वाटला, तोच फ्रेंच बोलताना या सर्व गुणांत उणा ठरला. इंग्रज श्रोत्यांनी असे मत दिले यात नवल नाही. फ्रेंच श्रोत्यांनीही तेच दिले, आणि इंग्रजांपेक्षा अधिक जोराने दिले. आपल्या भाषेतील आवाजाला त्यांनी धार्मिकपणा आणि दयाळूपणा हे दोन गुण तेवढे बहाल केले. दुबळ्या पक्षाच्या वाट्याला नेहमी हेच दोन गुण कसे येतात, हाही एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे! पुढे हीच पद्धत ब्रिटनमध्ये एकाच भाषेच्या वेगवेगळ्या हेलांना लावण्यात आली, तेव्हा तेथेही राजमान्य उच्चार वर आणि औद्योगिक शहरांचे उच्चार तळाशी असाच क्रम लागला.

फितीवरच्या आवाजावरून माणसाची उंची ठरते, तर फोनवरच्या आवाजावरून त्याचे लग्न ठरणे वा मोडणे अशक्य का मानावे? आमच्या परिचयातील एका कुटुंबात हे घडले. मुलगी बंगळुरात जन्मलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली. मुलगा बार्शीकडचा, शिक्षण मराठी शाळेत, मग अभियांत्रिकीची पदवी, आणि आता येथल्याच एका कंपनीत चांगली नोकरी. पत्रिका जुळली, पगार जुळला, दोन्ही घरची माणसे एकमेकांस पसंत पडली. हल्ली पाहण्याच्या कार्यक्रमाआधी मुलामुलीने फोनवर बोलून घेण्याची रीत आहे, त्याप्रमाणे दोघे बोलली. मुलीला मराठीत अडखळावयास होते म्हणून बोलणे इंग्रजीत झाले. अर्ध्या तासाने निर्णय आला: 'मुलगा चांगला आहे, पण त्याच्यात आत्मविश्वास नाही.' हा मुलगा कचेरीत चाळीस माणसांचे काम रोज सांभाळतो आणि महिन्यातून दोनदा परदेशी गिऱ्हाइकांशी वाद घालतो, हे आम्हांस माहीत होते. त्याच्यात उणीव होती ती एवढीच की त्याचा इंग्रजी 'ट' हा मराठी 'ट' होता.

येथे कोणी आम्हांस तत्काळ विचारील की, मग काय तिने न्यायबुद्धीने त्याच्याशी लग्न करावयाचे होते? मुळीच नाही. कोणी कोणावर प्रेम करावे अशी आज्ञा करता येत नाही; परोपकाराची आज्ञा करता येते, भावनेची नाही, असे कांटने म्हटले आहे आणि ते खरे आहे. आपण कोणाला तरी आवडावे हा कोणाचाही हक्क नव्हे. त्या मुलीस तो आवडला नाही, तेव्हा तिने नाही म्हटले हे योग्यच झाले. परंतु तिने 'मला आवडला नाही' असे म्हटले नाही, आणि तिच्या घरच्यांनीही ते तसे पुढे सांगितले नाही. 'मला त्याचे बोलणे आवडले नाही' हे वाक्य तिच्याविषयीची साक्ष आहे आणि ती साक्ष सच्ची आहे. 'त्याच्यात आत्मविश्वास नाही' ही त्याच्याविषयीची साक्ष झाली, आणि ती खोटी आहे. पहिल्या वाक्याचे दुसऱ्यात रूपांतर कोणत्या क्षणी झाले हे त्या मुलीसही सांगता येणार नाही. अन्याय नेमका त्या क्षणात आहे असे आम्हांस वाटते. आवड ही खाजगी वस्तू. ती कोणाचे काही हिरावून घेत नाही. गुणदोषाचे विधान मात्र हिंडू लागते. येथली मराठी वस्ती एवढी मोठी नाही की असे वाक्य जिरून जावे. महाराष्ट्र मंडळींच्या एका हळदीकुंकवातून दुसऱ्या सत्यनारायणापर्यंत ते पोचते, आणि पुढच्या घरी त्या मुलाचे नाव निघते तेव्हा त्याच्या आधी त्याचा आत्मविश्वास तेथे हजर असतो, म्हणजे नसतो.

यावर दुसरा आक्षेप असा येईल की, कानाची आवडनिवड निसर्गानेच दिली आहे, तिच्यावर खटला कसला भरता? या आक्षेपात तथ्य आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरीन किन्झलर व इतरांच्या प्रयोगांत असे दिसले की, पाच-सहा महिन्यांचे तान्हे मूलही परक्या ढबीने बोलणाऱ्या व्यक्तीपेक्षा घरच्यासारखे बोलणाऱ्या व्यक्तीकडे अधिक वेळ टक लावून पाहते. पाळण्यातील बाळास कोणी दुष्ट म्हणणार नाही. पण हा दाखला नीट पाहिला तर आक्षेप घेणाऱ्यावरच उलटतो. निसर्ग शिकवितो ती आपल्या घरच्या हेलाची ओढ. त्या मुलीचे वडील मूळचे सोलापूरचे. त्यांचा 'ट' आणि त्या मुलाचा 'ट' एकाच मातीतले. पाळण्यापासून तिने जो हेल ऐकला, ज्या हेलात तिला अंगाई आणि ओरडा दोन्ही मिळाले, तोच तिच्या कानाला फोनवर खुपला. माँट्रियलच्या फ्रेंच विद्यार्थ्यांनी आपल्याच आईबापांच्या आवाजाला ठेंगणे ठरविले, त्यातलाच हा प्रकार. निसर्गाने असे कधी शिकविले नसते. हे शिक्षण नंतरचे आहे, आणि ते कोणी तरी दिलेले आहे.

शिवाय परका हेल समजण्यास जड जातो ही अडचणही फार थोडा वेळ टिकते. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ साली दाखवून दिले की, परक्या ढबीचे इंग्रजी ऐकू लागल्यावर श्रोत्याचा वेग प्रथम मंदावतो, परंतु एका मिनिटाच्या आतच कान सरावू लागतो. एक मिनिट! म्हणजे कानाची तक्रार चहाचा पेला हाती येईपर्यंत मिटावयास हवी. जो तिटकारा अर्धा तास टिकतो, आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो, तो कानाच्या नावावर मांडणे बरोबर होणार नाही.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ची (१९१३) ओळख मराठी प्रेक्षकास पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे (१९७५) झाली, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा पाहिलेली वडीलधारी मंडळी तिच्याविषयी अजून बोलतात. पाहणाऱ्याचे लक्ष अर्थातच प्राध्यापक आणि फुलवाली यांच्यावर खिळलेले असते. आम्हांस मात्र मूळ नाटकातील फ्रेडी हा काहीसा बावळट तरुण अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पहिल्या अंकात भर पावसात गाडी शोधावयास धावताना तो फुलवालीवर आदळतो, तिची फुले चिखलात सांडतात, आणि तोंडदेखले काही तरी पुटपुटून तो पुढे जातो. काही महिन्यांनी तीच मुलगी एका श्रीमंत बाईच्या दिवाणखान्यात निर्दोष उच्चाराने बोलताना तो ऐकतो आणि तत्क्षणी तिच्या प्रेमात पडतो. ती बोलते ते काय? तिची मावशी कशी मेली आणि दारू कशी पीत असे, हे. विषय गल्लीतलाच आहे. बदलले आहेत ते स्वर. आपण या मुलीला पूर्वी कोठे तरी भेटलो आहोत असे फ्रेडीलाही वाटते, पण कोठे ते आठवत नाही. डोळे तेच होते, चेहरा तोच होता. त्याने पावसात ते पाहिले होते. मात्र त्या रात्रीच्या तिच्या ओरडण्याने ती त्याच्या लेखी माणूसच ठरली नव्हती. पुढे शॉने नाटकाला जोडलेल्या उपसंहारात या दोघांचे लग्न लावून दिले आहे, आणि फ्रेडी निष्ठेने तिच्याजवळ राहतो. तेव्हा ज्या प्रेमाचा उगम असा हास्यास्पद आहे ते खोटेच असेल असे नाही. पण त्याचा लाभ होण्यासाठी त्या पोरीला सहा महिने एका घरात कोंडून घ्यावे लागले, ही गोष्ट प्रेक्षक टाळ्या वाजविताना विसरतात.

रूप आणि प्रेम यांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट हेलावर अवलंबून असते, ती म्हणजे विश्वास. आपल्या परंपरेत या बाबतीत दोन निरनिराळे सूर आहेत. व्याकरण का शिकावे याची कारणे देताना पतंजली असुरांचा दाखला देतो: 'र'च्या जागी 'ल' उच्चारल्यामुळे त्यांचा पराभव झाला, म्हणून म्लेच्छासारखे बोलू नये. म्लेच्छ हा शब्दच मुळी अस्पष्ट बोलणाऱ्याचा वाचक आहे. ग्रीकांच्या 'बार्बारॉस'चीही व्युत्पत्ती तशीच. ज्याचे बोलणे आपल्या कानाला बडबड वाटते तो रानटी. हा झाला एक सूर. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने लावलेला सूर वेगळा आहे. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा? ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी जाणली तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, त्याच्या. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे तो स्पष्टपणे सांगतो. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या एका तर्कशास्त्र्याने म्लेच्छाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ऋषीच्या शेजारी उभे केले, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ केसार यांचा २०१० सालचा प्रयोग पाहिला, तर आपला कान अद्याप वात्स्यायनापर्यंत पोचलेला नाही हे दिसून येते. त्यांनी किरकोळ माहितीची वाक्ये, उदाहरणार्थ, जिराफ उंटापेक्षा अधिक काळ पाण्यावाचून राहू शकतो, अशा प्रकारची, निरनिराळ्या हेलांत ऐकविली. परक्या हेलातील वाक्ये श्रोत्यांना कमी खरी वाटली. बोलणारा केवळ दुसऱ्याने लिहून दिलेले वाचीत आहे हे सांगूनही फरक राहिला. प्रयोगाचा हेतू उघड केल्यावर सौम्य हेलाच्या बाबतीत श्रोत्यांनी आपले मत सावरले. हेल जड असला तर त्यांना तेही साधले नाही. या शेवटच्या निष्कर्षाने आम्ही थोडे खिन्न झालो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जाणीव झाली की दोष सुटतो, या समजुतीवर नीतिशास्त्रातील पुष्कळ व्याख्याने उभी आहेत.

बंगळूर शहराला हा धडा कसा मिळाला हे त्याच्या नकाशावर लिहिलेले आहे. १८०९ साली येथे इंग्रजांची छावणी वसली. कानडीत तिला 'दंडु' म्हणत. आपण लष्कर म्हणू. पलीकडे जुनी पेठ, तिच्यात कानडी, तेलुगू, तमिळ, आणि शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठीही. मधे मोठी बाग. लष्कराचा कारभार निराळा, नगरपालिका निराळी. दोन्ही एक झाल्या त्या १९४९ साली. लष्कराच्या बाजूला बिशप कॉटनसारख्या शाळा (१८६५) उभ्या राहिल्या आणि तेथील इंग्रजी हे 'चांगले' इंग्रजी ठरले. नगरपालिका एक झाल्या, पण बागेच्या दोन बाजूंचे दोन हेल काही एक झाले नाहीत. वधूवरांच्या इंग्रजी जाहिरातींत 'कॉन्व्हेंटात शिकलेली' हे विशेषण वर्षानुवर्षे छापले जाते. त्यात त्या मुलीच्या ज्ञानाविषयी काहीच सांगितलेले नसते; सांगितलेले असते ते तिच्या बापाने भरलेल्या फीविषयी आणि त्यातून लाभलेल्या उच्चाराविषयी.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून येथे कॉल सेंटरे निघाली तेव्हा या व्यापाराला उघड स्वरूप आले. तरुण मुलामुलींना रात्रपाळीसाठी परदेशी नावे दिली गेली आणि त्यांचा हेल 'न्यूट्रल' करण्याचे वर्ग भरू लागले. आपल्या विहिरीच्या पाण्याला चव नसते असे ज्याला त्याला वाटते. त्यापैकीच हे 'न्यूट्रल' होय. आता तर बोलणाऱ्याचा हेल बोलता बोलताच बदलून गिऱ्हाइकाला ऐकविणारी यंत्रेही आली आहेत. म्हणजे बार्शीच्या मुलाने फोनवर बोलावे आणि पलीकडे भलत्याच कोणाचे आत्मविश्वासपूर्ण बोलणे ऐकू यावे, अशी सोय झाली! गिऱ्हाइकाला एक मिनिट वाट पाहावी लागू नये म्हणून एवढा खटाटोप.

मोडके बोलणे सर्वत्र तिरस्कारालाच पात्र होते असे म्हणावे, तर तसेही नाही. गांधी बझारात परप्रांतीयाने भाजीवालीला 'एष्टु?' असे वाकडेतिकडे विचारले तरी ती हसते, दोन मिरच्या जास्त टाकते, आणि शब्द नीट कसा म्हणावा तेही शिकविते. तोच मनुष्य मोठ्या दुकानात वाकडे इंग्रजी बोलला की काउंटरवरील मुलगा त्याच्या पायताणाकडे पाहतो. चूक तीच, तोंडही तेच. एका ठिकाणी तो ऐकणाऱ्याच्या जवळ येत असतो आणि दुसऱ्या ठिकाणी वर चढू पाहत असतो, एवढाच फरक. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात राहून 'ख्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. त्याच्या मराठीचा हेल खास इंग्रजी असणार. पण त्याबद्दल त्याला कोणा मराठी माणसाने नाक मुरडलेले नाही, उलट आपण आजवर त्याचे कौतुकच करीत आलो आहोत.

आणि आपण मराठी माणसे तरी काय करतो? 'पाणी' म्हणतो की 'पानी', यावरून माणसाची जात-पात, शेती-नोकरी सारे काही तोलण्याचे कसब आपल्याइतके कोणाला साधले असेल असे वाटत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा तिच्या खानदेशी बोलीवर सारा महाराष्ट्र लुब्ध झाला, हे खरे. पण छापील पानाला हेल नसतो. तोच उच्चार करणारा खानदेशी उमेदवार पुण्यात मुलाखतीला बसला म्हणजे काय होते, ते त्या उमेदवारास विचारावे. मच्छिंद्र कांबळी यांच्या 'वस्त्रहरणा'ने मालवणीला घरोघर पोचविले आणि ती सर्वांची लाडकी झाली. तथापि मालवणी माणसाने गंभीर चेहऱ्याने काही सांगितले तरी श्रोत्यांच्या ओठांवर हसू तयारच असते. लाड आणि मान यांतील हे अंतर त्या बोलीच्या माणसांस चांगले ठाऊक आहे.

येथल्या मराठी घरांतील मुले उन्हाळ्याच्या सुटीत पुण्या-साताऱ्याकडे आजोळी जातात. बंगळुरात असताना ही मुले बापाच्या 'व्हेरी'ची नक्कल करतात, आणि शाळेतील पालकसभेला आईने यावे, बाबांनी येऊ नये, असे सुचवितात. आजोळी गेल्यावर फासे उलटे पडतात. यांच्या मराठीला शहरी इंग्रजीचा आणि अंगणातल्या कानडीचा हेल असतो. 'चांगले' या शब्दातील 'च' ती 'चिंच'मधल्या 'च'सारखा म्हणतात. मामेभावंडे लोटपोट हसतात. आमच्या ओळखीच्या एका घरचा नऊ वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी साताऱ्यास असाच दोन दिवस हसण्याचा धनी झाला. तिसऱ्या दिवसापासून तो सर्वांशी इंग्रजीतच बोलू लागला. तेव्हा हसणारी मुले एकदम गप्प झाली आणि त्याच्याकडे आदराने पाहू लागली. आजीला मात्र सुटी संपेपर्यंत नातवाशी बोलावयाचे झाले की, शेजारी कोणाला तरी बसवून घ्यावे लागत असे.